माय कधीच हाती लागली नाही

माझी माय बावीस वर्षं बुरहानपूरला सिंधीपुऱ्याच्या वळणावर ठेल्यावर भाजी विकते आणि या बावीस वर्षांत तिला एकदाही दंड झालेला नाही. दुसऱ्या घरांत पोरांचे बोर्डातले मार्क सांगतात तशी ही गोष्ट आमच्या घरात सांगितली जायची. मला बघायला आलेल्या पहिल्या पाहुण्यांनाही मामाने चहाच्या आधी हेच सांगितलं. पाहुणे पुन्हा आले नाहीत. माझी उंची आडवी आली, असं मामा अजूनही म्हणतो.

दंड न होऊ देणं सोपं नव्हतं. अतिक्रमण हटवणाऱ्या पथकाची गाडी आठवड्यातून एकदा तरी यायचीच, सणाच्या आठवड्यात दोनदा. वळणाच्या तोंडाशी एक मावशी लसूण घेऊन बसते, तिला गाडी सगळ्यांच्या आधी दिसायची. ती किलोचं वजन तराजूच्या पारड्यावर तीनदा आपटायची, की पुढची अख्खी रांग आपापला तराजू काखेत मारून गल्लीत. तराजूच का, तर भाजी गेली तर उद्या दुसरी येते, पण तराजू जप्त झाला की तो सोडवायला चार चकरा आणि तोवर धंदा बंद. मावशी इशारा देण्यात इतकी गुंतायची की तिचं स्वतःचं पळायचं राहून जायचं. दंड दर वेळी तिलाच व्हायचा. सगळे तिची कीव करायचे आणि थोडी टिंगलही.

ठेला मात्र काखेत मारता येत नाही. त्यासाठी वळणावर एक रीत होती. मालक नसलेला ठेला पथक बेवारस म्हणून सरळ गाडीत चढवतं. मालक समोर उभा असेल तर पावती फाडावी लागते, नाव विचारावं लागतं, तो हुज्जत घालतो, लोक जमतात. म्हणून प्रत्येकाचं एक ठरलेलं गिऱ्हाईक असायचं. विकणारा पळाला की ते गिऱ्हाईक ठेल्याला हात लावून उभं राहायचं आणि "ये ठेला मेरा है" म्हणायचं. गिऱ्हाईक जितकं इस्त्रीतलं, तितकं चांगलं. उगाच कोणाचा कोण निघायचा म्हणून पथक इस्त्रीच्या कपड्यांपुढे फार वेळ थांबत नसे आणि पुढच्या ठेल्याकडे जायचं. पुढच्या ठेल्याजवळही कोणीतरी उभं असायचं.

मायकडे या कामाला मिलवाले काका होते. कागदाच्या कारखान्यात त्यांनी फाटकावर टाइमकीपर म्हणून नोकरी केली होती, मूळचे महाराष्ट्रातले, भुसावळकडचे. रिटायर झाल्यावर बायको गेली, मुलगा लांब होता, म्हणून सिंधीपुऱ्यात दोन खोल्या घेऊन एकटेच राहत. रोज सकाळी बरोबर दहाला ते ठेल्यावर यायचे, पथकाची गाडीही त्याच सुमारास फिरायची. एका माणसाची भाजी घ्यायला त्यांना पाऊण तास लागायचा. एकेक वांगं उचलून देठ बघायचे, खाली ठेवायचे, मग पहिलंच घ्यायचे. शर्ट पांढरा, इस्त्री कडक, खिशात प्लास्टिकच्या पाकिटात सगळी कागदपत्रं. नोकरीत त्यांनी एक मिनिट उशिरा आलेल्या माणसालाही आत सोडलं नव्हतं, स्वतःच्या साडूलाही नाही. असा माणूस मायसाठी महिन्यातून चार वेळा भर रस्त्यात खोटं बोलायचा. बोलून झालं की खाली बघून शर्टाची बाही नीट करायचा.

आता माझ्याविषयी. मी बसस्टँडकडच्या एका खोलीत ऑनलाइन सेंटर चालवते. उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती, आधारमधली दुरुस्ती, केळीच्या पिकाचा विमा, सगळे फॉर्म मी भरते. लोकांना कायदा काय म्हणतो हे मीच सांगते, कारण वकील फी घेतो. रस्त्यावर विकणाऱ्यांसाठी एक कायदा आहे हे मला बऱ्याच आधीपासून माहीत होतं. त्यात लिहिलंय की शहरात एक समिती असेल, तीत फेरीवाल्यांचे निवडून दिलेले लोकही असतील, सगळ्या विकणाऱ्यांची पाहणी होईल, ज्याला त्याला प्रमाणपत्र मिळेल, आणि पाहणी पुरी होऊन प्रमाणपत्रं हाती पडेपर्यंत कोणाला हटवता येणार नाही. हे मी मायला वाचून दाखवलं होतं. ती म्हणाली, "कागद गाडीवाल्याले दाखव. मी तं तशीबी पळूनच राहिली." कायदा दिल्लीहून निघाला होता आणि आमच्या वळणापर्यंत पोचायला त्याला वेळ लागत होता.

शेवटी पाहणीची तारीख लागली. सूचना माझ्याच सेंटरबाहेरच्या भिंतीवर चिकटवली होती. आमच्या वळणाचा नंबर शुक्रवारी होता. मी मायला सांगून ठेवलं की शुक्रवारी स्वच्छ लुगडं नेस, आधार घेऊन जा आणि जागेवरून हलू नकोस. पाहणीवाले बुधवारीच आले. शेजारच्या वॉर्डातलं काम लवकर आटोपलं होतं, म्हणून ते दोन दिवस आधी पोचले. तिथलं काम लवकर का आटोपलं हे नंतर कळलं. पाहणीला वेगळी गाडी मिळाली नव्हती, म्हणून ते पथकाच्याच गाडीतून फिरत होते.

लसूणवाल्या मावशीने वजन तीनदा आपटलं.

पुढचं मी काकांच्या तोंडून ऐकलं. रांग गल्लीत गेली. माय तराजू घेऊन सगळ्यांच्या पुढे. काका हातात वांगं धरून ठेल्यापाशी. गाडीतून नेहमीचे दोन शिपाई उतरले आणि त्यांच्याबरोबर मोबाइल घेतलेली दोन तरुण माणसं. त्यांनी विचारलं, "ये ठेला किसका है?" काका म्हणाले, "मेरा है." नेहमी इथे गोष्ट संपायची. या वेळी पोरांनी नाव विचारलं. काकांना वाटलं, आज पावती फाडणारच. त्यांनी मनाशी ठरवलं की फाटायचीच असेल तर आपल्या नावावर फाटू दे, बाईचं बावीस वर्षांचं नाव खराब नको. म्हणून त्यांनी नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, आधार काढून दिलं. ठेल्यासह फोटो काढू का विचारलं तर शर्ट नीट करून उभे राहिले. किती वर्षांपासून, या प्रश्नाला त्यांनी मायची वर्षं सांगितली. फोनवर आलेला नंबरही वाचून दाखवला. खिशातून पैसे काढू लागले तेव्हा पोरगा हसून म्हणाला, "नहीं अंकल, पैसा नहीं लगता. बधाई हो." काकांना काहीतरी चुकलं असं पहिल्यांदा तेव्हा वाटलं.

वळणावर त्या दिवशी ज्यांची नोंद झाली त्यांत दोन रिटायर मास्तर, एक औषधाच्या दुकानाचा मालक आणि आमचे काका होते. स्वतः विकणारी एकटी लसूणवाली मावशी. तिचं पळायचं राहूनच गेलं होतं.

बाकीच्यांचं प्रकरण लवकर मिटलं, कारण मास्तरांनी आणि दुकानदाराने दुसऱ्याच दिवशी हात वर केले आणि त्यांचे ठेलेवाले जुन्या दंडाच्या पावत्या घेऊन कार्यालयात हजर झाले. दंडाच्या पावतीवर नाव असतं, तारीख असते, जागा असते. कार्यालयाच्या हिशेबाने एखादा माणूस रस्त्यावर धंदा करत होता याचा तोच पक्का पुरावा. रोज जागेचे पैसे घेऊन देतात ती बैठकीची चिठ्ठी चालत नाही, तिच्यावर नाव नसतं. लसूणवाल्या मावशीकडे पावत्यांचा गठ्ठाच होता, चिंधीत बांधलेला. ज्या बाईची आम्ही कीव करत होतो ती एकाएकी वळणावरची सगळ्यात भक्कम कागदपत्रांची बाई ठरली. समितीवर फेरीवाल्यांचा माणूस निवडायची वेळ आली तेव्हा लोकांनी तिलाच निवडून दिलं.

मायकडे एकही पावती नव्हती.

मी घरात पेटी उपसली, गाद्या उलट्या केल्या. एखाद्या वर्षी, चुकून, पाय मुरगळला असेल, ताप असेल, एकदा तरी सापडली असशील, मी तिला विचारलं. माय दुखावली. "कधीच नाही," ती म्हणाली. "तुह्या बापाच्या तेराव्यानंतर चौथ्या दिवशी ठेला लावला मी. तवाबी आले होते. तवाबी नाही सापडली."

महिनाभराने काकांच्या नावाचं प्रमाणपत्राचं कार्ड आलं. काका ते घेऊन माझ्या सेंटरला आले आणि टेबलावर उलटं ठेवलं. मी सुलटं केलं. काकांचा फोटो, मागे मायची मेथी, धंदा भाजी, जागा क्रमांक सतरा. त्याच आठवड्यात रस्त्याच्या कडेला पांढऱ्या रंगाने चौकोन आखले गेले आणि मायच्या ठेल्याखाली सतरा आकडा आला. ज्यांच्याकडे कार्ड नाही त्यांनी शाहपूरच्या रस्त्याला बांधलेल्या नव्या ओट्यांवर जायचं होतं. ओटे चांगले होते. वर पत्रे, बाजूला नळ. फक्त तिथे गिऱ्हाईक जात नाही, कारण तिथे कोणी राहत नाही. दोन पायऱ्यांवर बकऱ्या बसतात. मायची जागा गेली तर धंदा गेला, हे सांगायला कोणी लागत नव्हतं. हरकत घ्यायला एक महिना होता.

"तुमाले आधार दाखवाले कोनी सांगितलं होतं?" माय काकांवर कडाडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती त्यांना चढ्या आवाजात बोलली.

"मला वाटलं दंड करतायत," काका म्हणाले.

"मंग दंड भरून मोकळं व्हायचं. फोटो कायले काढला?"

काका बाही नीट करत राहिले.

आम्ही तिघं कार्यालयात गेलो. खिडकीतल्या बाबूने कार्ड बघितलं आणि शांतपणे सांगितलं की नाव बदलतं, पण मृत्यूनंतर. पत्नीच्या किंवा मुलांच्या नावावर. त्याने काकांकडे पाहिलं, मायकडे पाहिलं. त्याला हे दोघं नवराबायको वाटत होते हे माझ्या लक्षात आलं. काकांनी विचारलं, "मृत्यु के अलावा?"

"स्थायी विकलांगता," बाबू म्हणाला.

काका विचार करू लागले. माय म्हणाली, "चला इथून."

कायद्यात आणखी एक कलम आहे. ज्याच्या नावाने प्रमाणपत्र, त्याने स्वतः किंवा घरच्या माणसाने विकायला हवं, जागा दुसऱ्याला भाड्याने देता येत नाही. तपासणीला माणसं येऊ लागली होती. म्हणून हरकतीचा निकाल लागेपर्यंत जागा हातची जाऊ नये यासाठी काका रोज ठेल्यामागे बसू लागले. दहा ते सहा. त्यांनी मायला विचारून वेळ ठरवली आणि एक मिनिट इकडेतिकडे केलं नाही.

त्या काळात धंदा बसला. काका गिऱ्हाइकाला खरं सांगायचे. "ही वांगी इच्छापूरकडची आहेत, पण कालची आहेत. भरताला उद्या सकाळी या." गिऱ्हाईक उद्या सकाळीही येत नसे. वजन करताना काटा मध्यावर येईपर्यंत ते श्वास रोखून धरायचे आणि एक मिरची जास्त झाली तर काढून घ्यायचे. माय वर मूठभर कोथिंबीर टाकते, तीच तिची दुकानदारी. काका विचारायचे, "याचे किती लावायचे?" एका बाईने भाव केला तर त्यांनी तिला सांगितलं की भाव एकच असतो. ती बाई आमची पंधरा वर्षांची गिऱ्हाईक. माय मागे पोत्यावर बसून दात ओठ खायची. एकदा ती मला म्हणाली, "हा मानूस मिलमधे होता म्हनून मिल चालली. ठेल्यावर असता तं पयल्या दिवशी बंद पडला असता."

तरी दुपारी दोघं एकाच डब्यातून जेवायची. मी पाहिलंय.

मग मायने तिच्या बुद्धीप्रमाणे उपाय काढला. पावती लागते ना, तर पावती घेऊ. एका मंगळवारी पथकाची गाडी दुसऱ्या कामाला वळणावरून जात होती. माय तराजू घेऊन रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. मी काही फॉर्म द्यायला तिकडे गेले होते, म्हणून हे माझ्या डोळ्यांदेखत घडलं. गाडी थांबली. पथकात एक थोराड शिपाई आहे, वर्षानुवर्षं त्याच गाडीवर, पळून पळून त्याचे दोन्ही गुडघे गेलेत. तो खाली उतरला. मायने तराजू पुढे केला. "घे," ती म्हणाली. "फाड पावती."

शिपाई एक पाऊल मागे सरला. "अम्मा, अब नहीं पकड सकते."

"कायले?"

"सर्वे का फैसला होने तक कार्रवाई बंद है. कानून आ गया है."

"बावीस वर्स पकडाले धावत होता नं माह्यामागं? आता उभी हाय तं घे."

"कानून आ गया है, अम्मा," तो पुन्हा म्हणाला. त्याला वाईट वाटत होतं हे दिसत होतं. मागे ट्रॅक्टर हॉर्न वाजवू लागला. माय बाजूला झाली, पण कायद्याने तिचा एवढा अपमान आजवर कधी केला नव्हता. त्या रात्री ती जेवली नाही.

मी हरकतीचा अर्ज लिहिला. आयुष्यात इतके अर्ज लिहिलेत, पण हा पाच वेळा फाडला. पुरावे या रकान्यात काय लिहायचं तेच कळेना. मला स्वतःचा राग येत होता. गावभरच्या लोकांचे कागद मी सांभाळते, आणि माझ्या मायच्या बावीस वर्षांचा एक चिटोरा मी कधी जमवला नव्हता. शेवटी मी लिहिलं, पुरावा समक्ष देऊ.

सुनावणीला आम्हाला एका लांब खोलीत बसवलं. टेबलापलीकडे समिती होती. मधे साहेब, एका बाजूला इंजिनिअर, वाहतुकीचा हवालदार, बँकेचा माणूस, दुसऱ्या बाजूला फेरीवाल्यांचे प्रतिनिधी. त्यांत लसूणवाली मावशी जरीकाठी लुगडं नेसून बसली होती. माय आणि काका पुढे उभे. मागे खुर्च्यांच्या तीन रांगा, त्यांत मी एकटी. आमचा नंबर शेवटचा होता.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी अर्ज वाचला, काकांच्या कार्डाची नक्कल पाहिली आणि काकांना विचारलं की ठेला तुमचा आहे की नाही.

काका म्हणाले, "नाही. मी पेन्शनर आहे. मी भाजी घ्यायला येतो."

"फिर आपने लिखवाया क्यों?"

काकांनी घसा साफ केला. ते तयारी करून आले होते असं मला वाटलं होतं, पण तयारीतलं काही त्यांना आठवलं नसावं. ते म्हणाले, "साहेब, मी एकतीस वर्षं फाटकावर बसलो. लोक रडायचे, पाया पडायचे. मी एकाचीही हजेरी खोटी लावली नाही. या बाईंच्या ठेल्यावर मात्र मी खोटं बोललो. एकदा नाही. गाडी आली की दर वेळी. ते पाहणीवाले आले तेव्हाही बोललो. माझी चूक आहे. माझं कार्ड रद्द करा, पण जागा यांची आहे."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मतलब आप बरसों से झूठ बोल रहे हैं."

"हो."

"तो अब सच बोल रहे हैं, ये मैं कैसे मान लूँ?"

प्रश्न बरोबर होता. काकांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. फाटकावरच्या एकतीस वर्षांत त्यांनाही असा प्रश्न अनेकांना विचारावा लागला असेल. साहेबांनी कार्ड रद्द केलं आणि खोटी माहिती दिल्याबद्दल ताकीद दिली. काकांनी ताकीद लेखी मागितली. साहेब म्हणाले, मिळेल.

"अब जगह खाली हुई," साहेब म्हणाले. "खाली जगह लॉटरी की चिट्ठी से निकलेगी. इनका तो सर्वे में नाम ही नहीं है."

आम्ही काकांना खरं बोलायला लावलं होतं आणि त्या खरं बोलण्याने मायची जागा आणखी लांब गेली होती.

लसूणवाली मावशी उठून उभी राहिली. "साहब, मी ओळखते हिले. माह्यापासून पाचवा ठेला हिचा."

"आप तो सबको पहचानती हैं," साहेब थकून म्हणाले. सकाळपासून मावशीने सगळ्या हरकतवाल्यांना ओळखलं होतं. त्यांतले दोघं सिंधीपुऱ्यातले नव्हतेच, एक तर बुरहानपूरचाही नव्हता. मावशी खाली बसली. तिच्या ओळखीची किंमत सकाळीच खर्च झाली होती.

साहेबांनी मायला विचारलं, "कोई कागज? एक भी चालान? बाईस साल में एक बार भी पकडी नहीं गई?"

"नाही," माय म्हणाली. नेहमी ती हे मान वर करून म्हणायची.

तेव्हा दाराशी फायली घेऊन उभा असलेला तो थोराड शिपाई पुढे टेबलाशी आला. त्याच्या पुढे येण्याला वेळ लागला, गुडघ्यांमुळे. "सर," तो म्हणाला, "मैं बोलूँ? ये उधर ही ठेला लगाती है. मेरी नौकरी लगी तब से. ये पकडी नहीं गई, क्योंकि मैं पकड नहीं पाया."

साहेबांनी त्याच्याकडे बघितलं. "पक्का यही है? चेहरा पहचानते हो?"

शिपाई प्रामाणिक होता. त्याने मायच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि मान हलवली. "चेहरा तो सर, उस दिन पहली बार देखा, जब खुद सामने आके खडी हुई. पहले तो पीठ ही दिखती थी. पीठ पहचानता हूँ."

इंजिनिअरला हसू आलं, त्याने खोकल्यात घातलं. साहेबांना हसू आलं नाही. त्यांनी थोडा विचार केला. मग ते मायला, अगदी सभ्यपणे, म्हणाले, "ज़रा पलटिए."

मायला आधी कळलं नाही. काकांनी तिला मराठीत सांगितलं, "बाई, वळायला सांगतायत." आणि ते दोन पावलं बाजूला झाले, म्हणजे शिपायाला नीट दिसावं.

माय वळली.

टेबलापलीकडच्या सगळ्यांना तिची पाठ दिसत होती. खोलीच्या या बाजूला मी एकटी होते, म्हणून तिचा चेहरा फक्त मला दिसला. पळण्याच्या गोष्टी घरी ती हसत सांगायची. तराजू कसा काखेत मारला, शिपाई कसा शेणावरून घसरला, गल्लीतल्या म्हशीमागे कशी दडून बसली. आम्ही पोरं हसून लोळायचो. त्यामुळे मी इतकी वर्षं धरून चालले होते की ती पळतानाही हसतच असणार. तिच्यामागे कोण धावतंय हे वळणावरच्या सगळ्यांनी बघितलं होतं, पण पळताना तिचं तोंड गल्लीकडे असायचं, ते कोणीच बघितलं नव्हतं. मी आता बघितलं. ओठ आवळलेले, नाकपुड्या फुललेल्या, डोळे माझ्याकडे नाहीत, माझ्यामागच्या दाराकडे. ती घाबरलेली होती. साठीला आलेली माझी माय लहान पोरीसारखी घाबरलेली होती, आणि हा चेहरा तिच्या सवयीचा होता.

मागून शिपाई म्हणाला, "हाँ सर. यही है."

साहेबांनी लिहून घेतलं. सतरा नंबर हिच्या नावाने चढवा, असं ते बाबूला म्हणाल्याचं मी ऐकलं. मावशीने टाळी वाजवली. मग साहेब मायला म्हणाले, "हो गया, अम्मा. बैठिए." ती वळली नाही. ते पुन्हा म्हणाले, "बैठिए." तिने ऐकलंच नव्हतं. ती तशीच दाराकडे बघत उभी होती, एक हात काखेशी घट्ट दाबलेला, आणि त्या काखेत काहीच नव्हतं. मी उठून गेले आणि तो हात हळूहळू सोडवून माझ्या हातात घेतला.